मसणवट्याचा सातबारा

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एका अर्जाचा फोटो आला. तहसीलदारांच्या नावे, दीड पान, टाइप केलेला. विषय: गावातील लिंगायत दफनभूमीची जागा गोसावी समाजाच्या ट्रस्टच्या नावे करण्यास हरकत असलेबाबत. त्यातल्या एका वाक्यावर माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर यायचं आहे. "सदर दफनभूमीची देखभाल आमची कुटुंबे पिढ्यानपिढ्या करीत आलेली आहेत."

आमची कुटुंबे म्हणजे कोण? गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, कवठेमहांकाळच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. माझ्या लहानपणी आम्हा लिंगायत वाण्यांची तीसेक घरं होती, आता पाचांत दिवा लागतो. बाकीचे सांगलीत विश्रामबागला, कोल्हापुरात, पुण्यात सिंहगड रोडला. एक बंगळुरात आणि एक मी, इथं व्हर्जिनियात, रिचमंडच्या शेजारी, बावीस वर्षं. ही आमची कुटुंबे. यांतल्या कुणी त्या माळावर शेवटचं खुरपं कधी धरलं, हे ग्रुपवर विचारलं तर एक अंगठा आला आणि पाठोपाठ कुणाच्या तरी नातीच्या वाढदिवसाचा केक.

माळ दीड एकराचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड, पावसाळ्यातही धड हिरवा न होणारा. तीस-चाळीस दगडी चौथरे. काहींवर पिंड आणि पुढ्यात वीतभर नंदी, बहुतेक नंद्यांची तोंडं झिजून गुळाच्या खड्यासारखी झालेली. आमच्या आज्ज्याची समाधी ओढ्याकडच्या कडेला, तिच्याशेजारी बेलाचं झाड. आणि माळाच्या पश्चिम अंगाला गोसाव्यांची तीन घरं. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्याच्या वेळेपासून ती तिथंच आहेत असं आप्पा म्हणायचे.

गोसावीच का, हे आमच्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही. आपल्यात माणूस बसवून पुरतात. नुसता आडवा खड्डा खणून चालत नाही. खाली उतरायला पायरी ठेवायची, एका अंगाला कोनाडा कोरायचा, त्यात देह मांडी घालून बसवायचा, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, मग भस्म, बेल, मीठ. कोनाडा ढासळला तर माणूस कलंडतो. गोसाव्यांतही समाधी बसवूनच देतात, त्यामुळे त्यांच्या हाताला ते माप माहीत. मंत्र आमच्या आय्यांचे, म्हणजे जंगम पुरोहितांचे, खड्डा गोसाव्यांचा. त्याबद्दल सुगीला जोंधळा, मयताच्या दिवशी धोतरजोडी आणि काही रोकड. मग जोंधळा बंद झाला. आमच्या लोकांनी शेती वाट्यानं दिली आणि शहरात गेले, तेव्हा बलुतंही गेलं. खड्डा मात्र चालू राहिला. वेडी बाभूळ तोडायचं काम तर कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, ते ते आपणहून करत आले. नाहीतर तो माळ केव्हाच बाभळीनं गिळला असता, शेजारच्या गावातला गिळला तसा.

मग आता भांडण का? सोपं आहे. रत्नागिरी-नागपूर हायवे झाला आणि म्हैसाळ योजनेचं पाणी आलं. ज्या माळाकडं कुणी शेळी चारायलाही जात नव्हतं, तिथून डांबरी फाटा दीड किलोमीटरवर आला. आजूबाजूला द्राक्षं उभी राहिली. गुंठ्याचा भाव ऐकून आमच्या भावकीला पूर्वज आठवायला लागले.

गोसाव्यांचं कारण वेगळं आहे, आणि ते अर्जात कुठंच नाही. 2022 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेर काढायला सांगितलं आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. तशी या तीन घरांनाही आली. म्हणजे चार पिढ्या ज्यांनी मसणवटा राखला ते कागदावर अतिक्रमणवाले. घाबरून त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं ट्रस्ट नोंदवला आणि ग्रामसभेत मागणी ठेवली की जागा समाजाच्या नावावर करा, दफनाचा हक्क सगळ्यांचा पूर्वीसारखा राहील असं लिहून देतो. ग्रामसभेनं ठराव केला. त्यावर आमची हरकत.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की अरे, राखतात ते, मग त्यांच्या नावावर झालं तर बिघडतं काय? त्यावर माझ्या चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आला. "तुला काय जातंय तिकडनं बोलायला? उद्या प्लॉट पाडून विकतील. तुझ्या अमेरिकेत चालतं का असलं?"

इथं मला राहवलं नाही.

चालतं. चालतं म्हणजे काय, त्याच्यावर इथं कायदे आहेत, निधी आहे, वर्तमानपत्रांत लेख येतात. रिचमंडच्या पूर्वेला हेन्रायको काउंटीच्या हद्दीवर एव्हरग्रीन नावाची दफनभूमी आहे, 1891 ची, काळ्या लोकांची. मॅगी वॉकर तिथं आहेत, ज्यांनी 1903 साली बँक काढली. अमेरिकेत बँक काढणारी ती पहिली काळी स्त्री. अशा बाईच्या आजूबाजूची शेकडो थडगी पुढं आयव्हीच्या वेलींखाली दिसेनाशी झाली होती. लागूनच ईस्ट एंड आहे, सोळा एकरांची. तिथं 2013 पासून लोक शनिवारी येऊन वेली ओढून काढायचे, दगड धुवायचे, नावं टिपून ठेवायचे. मुलीच्या मिडल स्कूलला सेवेचे तास हवे होते म्हणून मीही तीन-चारदा गेलो. हातमोजे, डोनट, कॉफी. नायलॉनच्या ब्रशनं एक दगड घासला तर खाली बाईचं नाव निघालं आणि मुलगी ओरडली, "बाबा, शी हॅज अ नेम!" हे मी त्या वेळी ग्रुपवर टाकलं होतं. सत्तावीस अंगठे. आपल्या माळावर किती आले असते?

आणि सरकार? कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांच्या थडग्यांना व्हर्जिनिया शंभर वर्षं पैसे देत होतं, काळ्यांच्या थडग्यांना नाही. 2017 मध्ये कायदा बदलला, या जुन्या दफनभूम्यांनाही थडग्यामागे 5 डॉलर मिळायला लागले. उशीर झाला, पण झालं. आपल्याकडं काय झालं? एक नोटीस.

एवढं सगळं भावाला लिहून पाठवलं. थोडं चढूनच पाठवलं, कबूल करतो.

पण पुढचं लिहिलं नाही. 2017 मध्येच एव्हरग्रीनची मालकी रिचमंडमधल्या एका ना-नफा संस्थेकडं गेली, दोन वर्षांनी ईस्ट एंडचीही. मोठी योजना झाली, नकाशे झाले. वर्षानुवर्षं झाडी काढणाऱ्या स्वयंसेवकांचं आणि मालक झालेल्या संस्थेचं मात्र पटेना. 2022 मध्ये संस्थाच बंद पडली. मालक नाही, गवत गुडघ्याएवढं. शेवटी 2024 मध्ये शहराला सगळं ताब्यात घ्यावं लागलं. म्हणजे चुलतभावाला मी जी गोष्ट ऐकवली तिचा उत्तरार्ध त्याच्याच बाजूनं जातो. त्याला हे गूगल करता येत नाही असं नाही, करत नाही एवढंच माझं नशीब.

तरीही माझं म्हणणं सोडत नाही. तिथं मालकी मिळाली ती संस्थेला, झाडी काढली ती दुसऱ्यांनी. आमच्या गावात मागणारे आणि बाभूळ तोडणारे हात एकच आहेत, तीन घरांतले, नावानिशी ओळखीचे. ट्रस्ट बुडाला तरी घर तिथंच राहणार. प्लॉट पाडतील म्हणावं तर त्यांची स्वतःची माणसं त्याच माळात बसलेली आहेत. त्यांच्या आज्ज्यावर प्लॉट पाडून ते राहायला कुठं जातील? आणि ज्यांच्या अंगी प्लॉट पाडायची कला आहे ते कोण आहेत हे गावाला चांगलं माहीत आहे. विश्रामबागच्या आमच्या दाजींचा धंदाच तो.

बरं, जागा आमची आहे का? भावकीत ठाम समजूत अशी की आमच्या पणज्यानं ती धर्मादाय दिली. मी एका रात्री इथं बसून महाभूलेखवर, सरकारच्या सातबाऱ्याच्या वेबसाइटवर, गट नंबर टाकून सातबारा काढला. बाहेर शेजाऱ्याचा लीफ ब्लोअर चालू होता आणि स्क्रीनवर कब्जेदार: महाराष्ट्र शासन. इतर हक्कात स्मशान. पणज्याचं नाव नाही, आमचं आडनाव नाही. म्हणजे जी जागा आमची नाही ती दुसऱ्याला देऊ नका अशी आमची हरकत. बाकी, 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सामाईक जमिनी कुणाच्या नावावर करणं तसंही अवघड झालंय, ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाऊन तिथंच विरायची शक्यता जास्त. तरी हरकत आहेच. कारण भांडण जमिनीचं कमी आणि गोसावी मालक होतात याचं जास्त. हे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो.

आपल्याकडं या गोष्टीला पूर्वी एक शब्द होता, मान. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा चढतो. त्याच आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, 1937 पासून, आणि उरसात गाणारे तिच्यापाशी गाऊन जातात. आप्पा मला एकदा रात्री तिथं घेऊन गेले होते, मी झोपलो. जागा कुणाची, दरवाजा कुणाचा, गलेफ कुणाचा, गाणं कुणाचं, हे सगळं वेगवेगळं आणि ठरलेलं. सातबाऱ्यात मानाचा रकाना नाही. त्यामुळं ज्याला मान होता त्याला आता मालकी तरी मागावी लागते, नाहीतर तो अतिक्रमणवाला ठरतो. बलुतं तुम्ही बंद केलंत, नोटीस सरकारनं दिली, मग त्यांनी करायचं काय?

यावर ग्रुपवर एक काकू म्हणाल्या, "अरे पण आपल्याला तिथं जायची तरी मुभा राहील का?" पूर्ण महिन्यातला हा एकच प्रश्न मला खरा वाटला.

मुभेचं आत्ताच काय झालंय ते सांगतो. मागच्या वर्षी थोरली काकू गेली. मी व्हिडिओ कॉलवर होतो, इथं पहाटेचे चार. माळाकडं जाणारी जुनी गाडीवाट दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांनी आत घेत घेत आता चार फुटांची करून टाकली आहे. मखरात बसवलेली काकू, डोईवर पदर, कपाळावर भस्म, आणि पुढं मांडवाची तार आडवी. पुढच्या चौघांनी गुडघे वाकवले, मागचे ताठ, मखर पुढं कललं आणि काकू एकदम नमस्कार केल्यासारखी वाकली. कुणीतरी "धरा, धरा" ओरडलं. गोसाव्यांच्या नानांनी पुढं होऊन हातातल्या पहारीनं तार वर उचलून धरली आणि सगळे खालून गेले. फोन धरणाऱ्या पुतण्याचा हात हलत होता म्हणून मला नीट दिसलं नाही. बाग कुणाची? आमच्याच भावकीतल्या एकाची. त्याच्यावर कुणी अर्ज केला नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे, कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देतो. त्याच तहसीलदाराच्या टेबलावर आमचा दीड पानी अर्ज पडला आहे, तो मात्र तार उचलणाऱ्याविरुद्ध.

व्हर्जिनियात कायदा असा आहे की थडगं दुसऱ्याच्या खासगी जमिनीत असलं तरी वंशजांना तिथं जायला मालकानं वाट द्यावी लागते. जमीन त्याची, जाणं-येणं यांचं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या वसाहतीत पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यामागं लोखंडी कुंपणात नऊ दगड आहेत. घर घेताना एजंटनं ते दाखवलं नव्हतं, नंतर दिसले. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, तिथं झाडांच्या सालीचा भुगा घालत नाही, गवतही कापत नाही. मागच्या मेमोरियल डेला, मेअखेरीस इथं लोक थडग्यांवर फुलं ठेवतात त्या दिवशी, दारावरची बेल वाजली. एक म्हातारी काळी बाई, सोबत नातू, हातात प्लास्टिकची फुलं. बॉल्टिमोरहून गाडी चालवत आलेले. ड्राइव्हवेत गाडी लावू का, विचारत होत्या. मी त्यांच्याबरोबर मागं गेलो. कुंपणातलं गवत कापलेलं, वादळानं पडलेल्या फांद्या एका बाजूला रचलेल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, हे तुम्ही करता का?

मी म्हणालो, हो, अधूनमधून.

मी कधीच केलेलं नाही. ते पलीकडचा निवृत्त शेजारी करतो, स्वतःच्या मॉवरनं, दर दुसऱ्या शनिवारी. मला दिसतं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. का तसं म्हणालो, माहीत नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि देव तुमचं भलं करो म्हणाल्या. मी "लिंबूपाणी घेता का" विचारलं. बावीस वर्षांत या देशात मला कुणी इतकं इथलं समजलं नव्हतं. ते ऐकायला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

आणखी एक आहे, ते आमच्या बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. पन्नाशीनंतर इथं दफनभूमीवाल्यांची पत्रकं यायला लागतात, घराच्या इन्शुरन्सच्या शेजारी, रंगीत. एकदा फोन करून विचारलं, बसवून पुरता येईल का. पलीकडची मुलगी फार नम्र होती. व्हॉल्टचं, म्हणजे शवपेटीभोवतीच्या सिमेंटच्या खोक्याचं, माप ठरलेलं असतं म्हणाली, सुपरवायझरला विचारून सांगते म्हणाली, परत फोन आला नाही. इथले आपले सगळे दहनच धरून चालतात, मंडळातही कुणी वेगळा विचार करत नाही. मग मला तो मुरमाड माळ दिसतो, बेलाशेजारची मोकळी जागा. तिथं कोनाडा कोण कोरणार? आमच्या पाच घरांत पहार उचलणारा एक नाही. सातबारा आमच्या आडनावावर करून मिळाला तर आम्ही तिथं एक बोर्ड लावू, ग्रॅनाइटचा, देणगीदारांच्या नावांचा. माझं त्यात वरचं नाव असेल, डॉलरमुळं.

म्हणून मला वाटतं, द्या त्यांना. वाटेचा आणि दफनाचा हक्क लिहून घ्या आणि द्या.

आता त्या अर्जाबद्दल. मी वर लिहिलं की ग्रुपवर फोटो आला आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या तीन आठवडे आधी चुलतभावानं एक पीडीएफ पाठवली होती. "सगळ्यांच्या सह्या लागतात, गावातल्या जागेचं आहे, लगेच कर." ऑफिसात मीटिंग चालू होती. मी फोनवरच बोटानं सही करून परत पाठवली. उघडून वाचली नाही. फोटो मोठा करून बघितला तेव्हा सह्यांत सातवी माझी, कंसात (यू.एस.ए.). ती यू.एस.ए. भावानं नंतर पेनानं लिहिली असावी, वजन यावं म्हणून.

परवा त्याला फोन केला, म्हटलं माझं नाव काढ. तो भांडला नाही, उलट समजावल्यासारखं बोलला. "आवक नंबर पडलाय आता. मागं घ्यायचं तर तुला सोत्ता यावं लागतंय, तहसीलदाराम्होरं. मेलवर चालत न्हाई ते."

मग नानांनाही लावला. ऐंशीच्या घरातला माणूस, फोन नातवानं कानाला धरलेला. मी सहीचं काढायच्या आधीच ते म्हणाले, "तुमच्या आज्ज्याजवळचा बेल वठला हुता उन्हाळ्यात. दुसरा लावलाय. पाणी घालतोय रोज एक घागर." मी बरं म्हणालो. पाऊस कसा आहे विचारलं. सहीचं राहिलं.